पुढचं उजवं चाक

जळकोटच्या अलीकडं पुढच्या ट्रकनं वेग कमी केला म्हणून कृष्णराजनं ब्रेक दाबला, आणि त्याच्या हातातलं स्टिअरिंग पीठ चाळायच्या चाळणीसारखं हलायला लागलं. मागच्या सीटवर बसलेल्या धुरपदाबाईंनी दोन सीटांच्या फटीतून पाहिलं. लेकाची मनगटं थरथरत होती, त्यावरचं घड्याळही थरथरत होतं. ब्रेकवरचा पाय निघाला तशी थरथर थांबली.

"पुन्ना सुरू झालं की रं हे."

"रस्ताच तसला आहे भूमचा," कृष्णराज म्हणाला. "ड्यूटीला रोजचं दीडशे किलोमीटर. गाडी झाली तरी किती सोसणार?"

धुरपदाबाई सीटला टेकून बसल्या. पण मनात यायचं ते आलंच. सून चालवत होती तेव्हा तिचा पाय वाईट होता. आता लेक चालवतो, तर रस्ता वाईट झाला.

गाडी घेतली होती ती वैष्णवीसाठी. जुनीच, पण वापरलेली कळू नये इतकी जपलेली. वैष्णवी धाराशिवला एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायच्या कामाला होती. कृष्णराज तेव्हा बेंबळीतच वीज उपकेंद्रावर ऑपरेटर होता, त्याला चालत जाता यायचं. म्हणून गाडी सुनेच्या हाती आली. सकाळी आठला निघून दुपारी तीनला ती दारात असायची. अंगणवाडीतून आलेली शिवानी आजीजवळ एवढीशी डुलकी काढायची, तोवर आई हजर. आळीत गाडी चालवणारी ती पहिली बाई. बायका दारात उभ्या राहून बघायच्या, आणि धुरपदाबाई त्या बायकांकडं बघायच्या.

तिसऱ्या महिन्यात थरथर सुरू झाली. कृष्णराज गाडी शहरात एका मेकॅनिककडं घेऊन गेला. त्यानं चाक खोलायच्या आधीच विचारलं, गाडी कोण चालवतं. बायको म्हटल्यावर तो हसला. मॅडमचा पाय ब्रेकवर राहतो, म्हणाला, चालवतानाही पाय उचलत नाहीत, मग ब्रेकच्या डिस्क तापून वाकतात. त्यानं दोन्ही डिस्क मशीनवर तासून सरळ करून दिल्या. दोन महिने बरे गेले आणि पुन्हा तेच. पुन्हा तासल्या. त्यानंतर एका लग्नात, जेवणाच्या पंगतीत, कृष्णराज सगळ्या पाहुण्यांना ऐकू जाईल असं बोलला, "आमच्या मॅडमना डिस्क लागतात खायला. दोन महिन्याला एक जोडी." पंगत हसली. वैष्णवी ताटात बघत राहिली. धुरपदाबाईही हसल्या होत्या.

जूनमधल्या एका दुपारी वैष्णवी आली, चावी खिळ्याला अडकवली, आणि दुसऱ्या दिवसापासून एसटीनं जायला लागली. एसटीनं जायचं म्हणजे सातला निघायचं आणि यायला साडेसहा. कधी गाडी यायचीच नाही. शिवानी उंबऱ्यात बसून रडून रडून झोपी जायची. श्रावण संपता संपता वैष्णवीनं नोकरी सोडली. त्या वेळी तिला कुणी सोड म्हणालं नव्हतं, आणि नको सोडू असंही कुणी म्हणालं नव्हतं.

पुढं मात्र गाडी थरथरली नाही. कृष्णराज रविवारी बाजाराला काढायचा, कधी तुळजापूरला. जून ते डिसेंबर, एकदाही नाही. "बघ, म्हणालो होतो का नव्हतो," तो वैष्णवीला म्हणायचा, आणि वैष्णवी हो म्हणायची. डिसेंबरात त्याची भूमला बदली झाली, रोज गाडीनं जाणं-येणं सुरू झालं, आणि आता मार्चात हे.

आज दोघं मायलेकरं जळकोटला धुरपदाबाईंच्या बहिणीकडं बारशाला आली होती. गावाच्या तोंडाशीच रस्त्याला लागून एक गॅरेज होतं. लिंबाखाली दोन गाड्या, एक ट्रॅक्टरचं धूड, आणि हात पुसत येणारा पन्नाशीचा एक माणूस. लोक त्याला वलीभाई म्हणत होते.

"ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग हलतं," कृष्णराजनं सांगितलं.

"ब्रेक मारल्यावरच का एरवी पण?"

"ब्रेक मारल्यावरच."

"तुमचं ऐकलं साहेब. आता तिचं ऐकतो." वलीभाईनं चावी घेतली. धुरपदाबाई उतरायला लागल्या तर म्हणाला, "बसा अम्मा, एक चक्कर मारून येऊ. मागं कुणी बसलेलं बरंच असतं. सीट हलते का, सांगा मला."

हायवेला लागल्यावर त्यानं गाडी ऐंशीला नेली आणि दोन्ही हातांची बोटं नुसती टेकवून ठेवली. "बघा. आत्ता हलत नाही. म्हणजे चाकाचं बॅलन्सिंग ठीक आहे. ते बिघडलं असतं तर ब्रेक न मारता पण हललं असतं." मग त्यानं हळू ब्रेक दाबला. स्टिअरिंग नाचायला लागलं. "अम्मा, सीट?"

"न्हाय रे बाबा. सीट गप हाय."

"म्हणजे मागची चाकं नाहीत. पुढचंच दुखणं आहे." तो कुणाची नाडी बघत असल्यासारखा बोलत होता. धुरपदाबाईंना तो माणूस आवडला. शहरातल्या त्या मेकॅनिकनं आधी माणूस धरला आणि मग गाडी बघितली, असं कृष्णराजनंच सांगितलेलं त्यांना आठवलं.

परत आल्यावर वलीभाईनं पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलली आणि काढली. आत ताटाएवढ्या दोन लोखंडी चकत्या होत्या. त्याच त्या डिस्क. धुरपदाबाई प्यायला दिलेल्या पाण्याचा ग्लास घेऊन लिंबाखाली खुर्चीवर बसून बघत होत्या. वलीभाईनं घड्याळासारखं एक यंत्र चुंबकानं चिकटवलं, त्याची सुई डावीकडच्या डिस्कला टेकवली आणि डिस्क हातानं फिरवली. सुई हलली न हलली. मग तेच त्यानं उजवीकडं केलं. सुई पुढं धावली, मागं आली, पुन्हा पुढं धावली.

"एकच," तो म्हणाला. "उजवी वाकलीय. डावी एकदम साफ."

कृष्णराजनं फोनवरून मान वर केली. "एकच कशी? आधी दोनदा दोन्ही तासल्यात."

"कशामुळं?"

"तेव्हा मिसेस चालवायची. ब्रेकवर पाय ठेवून चालवायची म्हणून वाकल्या."

वलीभाईनं ब्रेकचे पॅड बाहेर काढले आणि डाव्या-उजव्याचे शेजारी शेजारी हातावर ठेवले. "तेव्हा पॅड बदलले होते?"

"नाही. नुसत्या डिस्क तासल्या."

"मग हेच त्यांचे पॅड. बघा, अजून अर्ध्याच्या वर शिल्लक आहेत. ब्रेकवर पाय ठेवणाऱ्याचे पॅड सहा महिन्यात कागद होतात, साहेब. आणि पाय ठेवला तर दोन्ही चाकं तापतात. एकच चाक कसं दाबणार माणूस?"

कृष्णराजनं नजर पुन्हा फोनकडं वळवली.

वलीभाई आता उजव्या चाकाच्या आत वाकून बघत होता. त्यानं पेचकसाच्या टोकानं काहीतरी खरवडलं आणि तळहातावर घेऊन दाखवलं. पांढरी पापडी. "हे बोअरचं पाणी आहे. किती ओघळ बघा. पावसाचं पाणी असं पांढरं धरत नाही. डावीकडं एक ठिपका नाही. गाडी धुतं कोण?"

"मीच. रविवारी सकाळी. तेव्हा गाडी गार असते."

"मग हे गरम असताना कुणीतरी टाकतंय. रोज. गाडी पळून आली की डिस्क तापलेली असते. तापल्या तव्यावर तांब्याभर गार पाणी ओता, तवा सरळ राहील का? घरात विचारा."

"घरात कोण टाकणार पाणी? रस्त्यावरचं उडत असेल." कृष्णराजचा फोन वाजायला लागला होता. "असू दे हो, वलीभाई. नवीन टाका. आम्हाला उजेडी निघायचंय."

धुरपदाबाईंच्या हातातला ग्लास तसाच राहिला.

त्या पाणी घालायच्या. त्याच.

बब्रुवान, म्हणजे त्यांचे मालक, होते तेव्हा दारात बैलगाडी होती. उन्हाळ्यात गाडीच्या चाकाचं लाकूड सुकून आक्रसायचं, आणि चाकावरची लोखंडी धाव, ती पट्टी, ढिली पडून निसटायची. म्हणून गाडी आली की चाकांवर कळशीभर पाणी मारायचं. लाकूड फुगायचं, धाव घट्ट बसायची. नव्या नवरीच्या हाती सासूनं पहिलं काम दिलं ते हे. आल्या चाकाला पाणी दाखव, असं सासू म्हणायची. करता करता त्यात दुसरंच काहीतरी मिसळलं. वाटेवरची नजर, वाटेवरचं भ्या, घरी आलेल्या माणसाचा शीण. गाडी गेली, बैल गेले, मालकही गेले. दारात सुनेची चारचाकी उभी राहिली तेव्हा हात आपोआप कळशीकडं गेला.

तीन वाजता हॉर्न वाजायचा. डावी बाजू शेजारच्या चन्नबसप्पाच्या भिंतीला लागायची, म्हणून पाणी मिळायचं ते उजव्या चाकाला, जिकडून वैष्णवी उतरायची. आधी चाकाला, मग तिच्या पायावर. चाकातून चर्र असा आवाज यायचा आणि वाफ निघायची. आवाज जितका मोठा, तितकी मोठी पीडा वाटेवर टळली, असं धुरपदाबाई धरायच्या. कधी जोराचा आवाज आला की त्यांना फार बरं वाटायचं.

लेकाला असलं आवडत नसे. म्हणून जून ते डिसेंबर, तो गाडी चालवत होता तेव्हा, त्यांनी पाणी घातलं नव्हतं. घालावंसं वाटलंही नव्हतं. भूमचं रोजचं जाणं सुरू झालं आणि त्या वाटेवर कुणाच्या तरी गाडीला ट्रकनं उडवल्याचं कानी आलं, तेव्हापासून तो आत गेला की त्या मागून गुपचूप कळशी रिकामी करायच्या. त्याच उजव्या चाकावर.

"पाणी प्या की बाई. तोंड का उतरलं?"

गॅरेजला लागूनच घर होतं. ओट्यावर वलीभाईची आई, मदिनाबी, चिंचा फोडत बसली होती. कृष्णराज फोनवर बोलत रस्त्याकडं गेला होता. नळदुर्गहून डिस्क यायला दोन तास लागणार होते. धुरपदाबाई उठून ओट्यावर जाऊन बसल्या, एक चिंच हातात घेतली, आणि त्या अनोळखी म्हातारीला त्यांनी सगळं सांगून टाकलं. लेकाला सांगता आलं नसतं. तिला सांगता आलं.

मदिनाबीनं सगळं ऐकलं. मधे एकदा चिंचोका थुंकला.

"म्हंजे पाणी तुमचं, आन् बोलणी खाल्ली सुनेनं."

"व्हय."

"नोकरी पण गेली?"

"गेली. दुसरी पोरगी लागली तिच्या जागी."

"आन् सून लई भांडकुदळ असंल."

"न्हाय ओ. तोंडातनं शब्द न्हाय काढत."

"हां. मग अवघड हाय." मदिनाबीनं चिंचांची टोपली पुढं ओढली. "भांडणारी असती तर आतापतूर फिटलं असतं. मी सांगू तुमाला? तेरा वर्सं झाली, आमची बकरी सुटून हायवेवर गेली. मेली. मी वलीच्या बायकोला लई बोलले, तुझ्या हाताला गाठ मारता येत न्हाय म्हणून. दोर म्याच बांधला होता त्या दिवशी. रातच्याला आठवलं मला."

"मग?"

"मग काय. उद्या सांगू, उद्या सांगू. आता सांगायला गेले तर ती इचारंल, अम्मी, तेरा वर्सं कुठं होता? त्याला जवाब न्हाय माझ्याकडं. अजून कुणी बकरीचं नाव काढलं का ती उठून आत जाती." ती थोडा वेळ नुसती फोडत राहिली. "तुमाला सांगितलं कारण तुमी उठून जाणार. पण तुमी माझ्यासारखं करू नका. जड होत जातं बाई ते."

बारसं उरकून मायलेकरं परत आली तोवर नवी डिस्क बसली होती. निघताना वलीभाईनं गाडी पुन्हा ऐंशीला पळवून आणली. स्टिअरिंग गप होतं. "गाडी आली की अर्धा तास पाण्याला शिवू देऊ नका," तो कृष्णराजला म्हणाला, "घरात सगळ्यांना सांगा." आणि धुरपदाबाईंना म्हणाला, "सांभाळून जा अम्मा." त्याला काही कळलं होतं का, हे त्यांना कधी समजलं नाही.

घरी येईपर्यंत त्या लेकाकडंच बघत होत्या. त्यांना वाटत होतं, लेक सांगेल. पॅडचं सांगेल, एकाच चाकाचं सांगेल. तो बोलला की आपण मागून पाण्याचं सांगू.

वैष्णवीनं भाकरी वाढता वाढता विचारलं, "काय निघालं?"

"डिस्क गेली होती. बदलली."

"कशानं गेली?"

"रस्ता," कृष्णराज म्हणाला आणि कालवणात भाकरी कुस्करायला लागला.

वैष्णवीनं एका भाकरीचे दोन तुकडे केले. मग तिनं धुरपदाबाईंच्या ताटात अर्धी भाकरी ठेवली. "आत्या, घ्या ना. काहीच जेवला नाहीत." सासूला ती आत्या म्हणायची.

तीन दिवस तसेच गेले. कृष्णराज भूमहून यायचा, गाडी भिंतीला लागायची, आणि धुरपदाबाई मुद्दाम आत धान्य निवडत बसायच्या. चौथ्या दिवशी सकाळी शिवानीला अंगणवाडीत सोडून वैष्णवी आली आणि शेंगा सोलायला बसली. धुरपदाबाई तिच्यासमोर बसल्या आणि ताटातल्या शेंगांकडं बघतच त्यांनी सांगितलं. वलीभाईनं काय काय तपासलं ते, सुई कशी पळाली ते, पॅड कसे अर्ध्याच्या वर शिल्लक होते ते, आणि शेवटी कळशी.

वैष्णवीचे हात थांबले होते.

"पॅड शिल्लक होते?" तिनं विचारलं.

"व्हय. म्हणला, बाईचा पाय नव्हताच ब्रेकवर."

"हे त्यांच्यासमोर म्हणाला?"

"व्हय."

"अच्छा."

तिनं एक शेंग फोडली, दाणे ताटात टाकले. मग बोलायला लागली ती शेंगांशीच बोलल्यासारखी. "मला तर खरंच वाटायला लागलं होतं, आत्या. एवढी माणसं म्हणतात म्हणजे माझाच पाय राहत असेल. मला कळत नसेल. शेवटचा महिना मी अनवाणी चालवायचे. चप्पल काढून मागं टाकायची, म्हणजे पाय कुठं आहे ते नीट कळावं. गाडी चालवताना सारखं खाली बघायचे. ब्रेक दाबायचीच भीती बसली. दाबला की डिस्क जाणार. मग एक दिवस पाडोळीच्या पुढं एक शाळेचा पोरगा सायकलवरून आडवा आला. मी ब्रेक उशिरा दाबला." तिनं बोटांत दाखवलं, एवढं अंतर राहिलं होतं. "त्या दिवशी चावी ठेवली मी."

धुरपदाबाईंना हे माहीत नव्हतं. त्या दिवशीही त्यांनी पाणी घातलं होतं. आवाज केवढा आला होता ते त्यांना आता आठवलं, आणि त्या आवाजानं आपल्याला बरं वाटलं होतं, हेही.

"माझ्यामुळं झालं सगळं, पोरी."

"पाणी घालायच्या तेव्हा मला बरं वाटायचं," वैष्णवी म्हणाली. "कुणीतरी वाट बघतंय असं वाटायचं. माहेरी कुणी एवढं केलं नव्हतं." तिच्या आवाजात राग नव्हता, नुसती विचारपूस होती, म्हणूनच पुढचं जास्त लागलं. "पण आत्या, हे चालवायचे तेव्हा तुम्ही घालत नव्हता ना? सहा महिने. मीच चालवायचे तेव्हा घालायच्या."

धुरपदाबाई ताटातल्या शेंगा चाळवायला लागल्या. लेकाला आवडत नव्हतं, असं म्हणता आलं असतं. ते खोटंही नव्हतं. पण भूमच्या वाटेची भीती वाटल्यावर त्याला न आवडताही घातलंच की. खरं ते एवढंच होतं की लेकाच्या हातात गाडी आली तरी ट्रकचं कानी येईपर्यंत त्यांना भीती वाटली नव्हती, आणि सुनेच्या हातात असली की रोज वाटायची. सकाळी आठ ते दुपारी तीन. त्या मेकॅनिकला जे वाटलं, पंगतीला जे वाटलं, तेच त्यांच्या मनात आधीपासून बसलेलं होतं. त्याला त्या माया म्हणत होत्या. मायाही होतीच, पण तिच्या आत हे होतं.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

वैष्णवीनं मान हलवली. क्षमा केली म्हणून हलवली की हो, चुकलं म्हणून, ते त्यांना ओळखता आलं नाही.

संध्याकाळी कृष्णराज आला, हातपाय धुतले, चहा घेतला. वैष्णवी शिवानीची वेणी घालत होती. धुरपदाबाईंनी दोघांसमोर सांगितलं, उभ्यानंच.

कृष्णराजनं कप खाली ठेवला आणि हसला. मोकळं हसला. "आई, तू म्हणजे ना. बैलगाडी आहे का ती? बरं झालं कळलं. आता नको घालू."

"एवढंच?"

"मग काय करू? डिस्क नवीन बसलीय, पाणी बंद. संपलं."

"तू हिला चार माणसांत बोललास. लग्नात."

"ते चेष्टेत, आई. तूपण हसलीस की."

धुरपदाबाई खाली बसल्या. कृष्णराजनं बायकोकडं बघितलं. काहीतरी बोलावं असं त्यालाही वाटत असावं. तो कानामागं खाजवत राहिला, आणि मग म्हणाला, "चालव की मग आता. मी कुठं नको म्हणालो होतो?"

वैष्णवीनं रिबीन आवळली. "गाडी तर तुम्ही भूमला नेता."

"रविवारी असते की."

"रविवारी लॅब बंद असते."

ती हे अगदी साधं बोलली, एसटीची वेळ सांगावी तसं. शिवानी उठून पळाली. कृष्णराजनं टीव्ही लावला, थोड्या वेळानं बंद केला, आणि काही कारण नसताना बाहेर जाऊन गाडीची काच पुसत बसला.

रविवारी धुरपदाबाईंनी डोक्यावर पदर नीट घेतला आणि गाडीच्या पुढच्या डाव्या सीटवर बसायला निघाल्या. भिंतीमुळं दार उघडेना. मग वैष्णवीला हाक मारून म्हणाल्या, "गाडी जरा बाहेर काढ. मला फिरवून आण कुठंतरी."

"कुठं?"

"कुठंबी. म्या तुझ्याशेजारी कधी बसलेच न्हाय."

खरंच बसल्या नव्हत्या. सहा महिने त्या दारात उभ्या राहिल्या होत्या, गाडीत एकदाही नाही. वैष्णवी त्यांच्याकडं बघत राहिली. कृष्णराज ओट्यावर पेपर वाचत होता. त्यानं चावी पुढं केली.

गाडी आळीतून निघाली. गतिरोधक यायचा आधीच, लांबूनच, वैष्णवी वेग इतका कमी करायची की मागच्या मोटरसायकली हॉर्न देत पुढं जायच्या. ब्रेक दाबताना ती श्वास धरायची. स्टिअरिंग हललं नाही, तरी ती दोन्ही हातांनी ते आवळून धरत होती, हलायची वाट बघत असल्यासारखी. मधेच तिची नजर खाली पायाकडं जायची आणि ती झटकन पुन्हा वर आणायची. धुरपदाबाई हे सगळं बघत होत्या. पूर्वी ती अशी चालवत नव्हती. आळीच्या तोंडाशी वळताना एका हातानं वळायची, दुसऱ्या हातानं बायकांना हात करायची.

फाट्यावर तिनं गाडी कडेला घेतली. समोर धाराशिवचा रस्ता सरळ गेला होता. उसाची एक ट्रॉली डुलत गेली, मग एक एसटी. वैष्णवीनं गिअर सोडला आणि तशीच बसून राहिली.

"आज इथवरच, आत्या."

"बरं."

ती गाडी वळवायला लागली. अर्ध्यात थांबून तिनं विचारलं, "भीती वाटते का तुम्हाला?"

न्हाय म्हणावं, असं धुरपदाबाईंच्या ओठावर आलं होतं.

"वाटती," त्या म्हणाल्या.

"मलापण," वैष्णवी म्हणाली, आणि आरशात मागचा रस्ता दोनदा बघून तिनं गाडी गावाकडं वळवली.